हीटर गेला, भोकं राहिली : तापणाऱ्या बीटलचं एक प्रकरण

गाडी १९७१ ची फोक्सवॅगन बीटल. मागे १५८४ सीसीचं एअरकूल्ड इंजिन, हेडला दोन-दोन इनटेक पोर्ट, वर एकच कार्ब्युरेटर. मालकांची तक्रार अशी, की थंड असताना गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, गावात नीट चालते, पण हायवेवर तासभर पळवून सिग्नलला उभी केली की ऑइलचा दाब कमी झाल्याचं सांगणारा लाल दिवा लुकलुकायला लागतो. तशीच बंद करून पाच-दहा मिनिटांनी सुरू करायला गेलं, तर सेल्फ मारत बसावं लागतं. आणि जाता जाता सांगितलेली तिसरी गोष्ट: काचा वर असल्या की आत धुराचा वास येतो. त्यांच्या लेखी हे किरकोळ होतं. माझ्या लेखी गाडी उभी करून ठेवण्याइतकं गंभीर.

आधीच्या मालकाने हीटर काढून टाकला होता. बीटलला रेडिएटर नाही, त्यामुळे हीटरसाठी गरम पाणीही नाही. एक्झॉस्टच्या पाइपांभोवती पत्र्याचे डबे असतात, त्यांना हीट एक्सचेंजर म्हणतात. त्यांच्यातून हवा फिरवून गरम करायची आणि केबिनमध्ये सोडायची, एवढीच ती योजना. हे डबे खालून गंजतात. गंजले की बहुतेक जण नवे घेण्याऐवजी साधे जे-पाइप आणि हेडर, म्हणजे डबा नसलेले एक्झॉस्टचे पाइप, बसवतात. एक्झॉस्टचा आवाज भारदस्त होतो, थोडं वजनही उतरतं. या गाडीत तेच झालं होतं. डबे गेले, पण त्यांना हवा पुरवणारी आणि त्यांच्याकडून हवा घेणारी सगळी तोंडं जागच्या जागी उघडी राहिली.

"हीटरच नाही, तर त्या भोकांनी काय फरक पडतो?" हा मालकांचा प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी हवा कुठून येते आणि कुठे जाते ते नीट समजून घ्यावं लागतं.

वरची हवा, खालची हवा

इंजिनाच्या वर उभा पंखा आहे. तो जनरेटरच्या शाफ्टवर बसतो आणि बेल्टने क्रँकपेक्षा, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यापेक्षा, जास्त वेगाने फिरतो, पावणेदोन पटीच्या आसपास. मागच्या काचेखालच्या जाळीतून इंजिनच्या खणात आलेली हवा तो ओढतो आणि फॅन श्राउड नावाच्या पत्र्याच्या खोक्यात दाबतो. त्या खोक्यातून हवा खाली उतरते, चारही सिलिंडरच्या आणि हेडच्या फिन्समधून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्यांमधून, घुसते आणि तापून गाडीखाली निघून जाते. काही हवा ऑइल कूलरमधून जाते.

या सगळ्यात इंजिनभोवतीच्या पत्र्यांचं काम बघण्यापुरतं नाही. ते गार हवा आणि गरम हवा वेगळी ठेवतात. पत्र्यांच्या वर इंजिनचा खण, तिथली हवा पंख्याच्या वाट्याची. पत्र्यांच्या खाली एक्झॉस्ट आणि फिन्समधून निघालेली तापलेली हवा. खणाच्या कडेने जी जाड रबरी पट्टी फिरते, तीही त्याचसाठी. पट्टी तुटली किंवा पत्र्याला भोक राहिलं, तर खालची हवा वर येते. का येते, तर पंखा सतत ओढत असल्याने खणातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. हवेला जिथून सोपं पडेल तिथून ती येते, आणि खालचं भोक तिला मागच्या जाळीपेक्षा जवळ असतं.

सुरुवातीच्या बीटलमध्ये सिलिंडरवरून गेलेलीच हवा केबिनमध्ये जायची. १९६३ च्या मॉडेलपासून पद्धत बदलली. श्राउडच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल तोंड आलं. तिथून होजने ताजी हवा हीट एक्सचेंजरमध्ये जाते. एक्सचेंजरचे पाइप मागच्या आडव्या पत्र्यातल्या दोन भोकांतून वर येतात आणि होज त्यांना जोडलेले असतात. म्हणजे हीटर काढला, की एकूण तीन ठिकाणी तोंडं उघडी पडतात: श्राउडवर दोन, मागच्या पत्र्यात दोन, आणि गाडीच्या बॉडीकडे जाणारे दोन पाइप खाली. वर एअर क्लीनरकडे गरम हवा नेणाऱ्या बारक्या होजचं भोक असलं तर ते वेगळंच.

यातली श्राउडवरची दोन सगळ्यांना दिसतात, कारण इंजिनचं झाकण उघडलं की ती समोरच असतात. बाजारात तयार टोप्याही त्यांच्याच मिळतात. बाकीच्यांकडे कोणी वाकून बघत नाही.

आधी दुसरं काही नाही ना

भोकं दिसली म्हणून लगेच त्यांच्यावर खापर फोडणं मला पटत नाही. इंजिन तापायची कारणं दहा असतात, आणि त्यातली निम्मी फुकटात तपासता येतात. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते ते, बघितलं. या डिस्ट्रिब्यूटरला पूर्ण अ‍ॅडव्हान्स ३० अंशांच्या आसपास हवा, तेवढाच होता. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर ०.१५ मिमी. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबला तर साधारण १५ मिमी दबतो, म्हणजे ठीक. क्रँकची पुली मूळ मापाची होती. हे मुद्दाम बघावं लागतं, कारण काही जण हौसेने लहान पुली बसवतात आणि पंखा मंदावतो. प्लग तपकिरी, पांढरे पडलेले नाहीत, तेव्हा पेट्रोल कमी मिळतंय असंही नव्हतं. ऑइल नवं, पातळी बरोबर. या इंजिनात जेमतेम अडीच लिटर ऑइल असतं आणि इंजिन गार ठेवण्यात त्याचा वाटा मोठा आहे, म्हणून पातळीत चालढकल चालत नाही.

प्लगच्या वायरी पत्र्यातून आत जातात तिथली रबरं मात्र दोन ठिकाणी गायब होती. तीही भोकंच. नवी घातली. किंमत किरकोळ, काम मोठं, आणि तरी दहापैकी सात गाड्यांत हीच रबरं वाळून तडकलेली दिसतात.

आता श्राउडची तोंडं. उजव्या तोंडावर कधीकाळी चिकटपट्टी लावली होती. उष्णतेने तिचा डिंक सुटून ती एका कडेला लोंबत होती. डाव्या तोंडात फडका कोंबला होता, निदान मालकांना तसं सांगितलं होतं. टॉर्च मारला तर तोंड रिकामं. फडका आत गेला होता.

आरसा आणि वाकवलेली तार घेऊन शोधला. थोडा भाग तारेला लागून बाहेर आला, बाकीचा येईना. शेवटी श्राउड सैल करून उचलावं लागलं. इंजिन गाडीत असताना हे काम अडचणीचं आहे, पण होतं. फडका तीन नंबरच्या सिलिंडरवर आडवा पसरला होता. त्याची खालची बाजू करपून तपकिरी झाली होती, ऑइल आणि धूळ शोषून ती फिन्सच्या फटींत अशी घट्ट बसली होती की सोडवताना फिन्सचे ठसे कापडावर उमटलेले दिसले. ज्या फटीतून हवा जायला हवी तीच बुजलेली. जुन्या बीटलमध्ये तीन नंबरचं नाव आधीच खराब आहे. पूर्वीच्या इंजिनांत ऑइल कूलर श्राउडच्या आत, नेमका त्या सिलिंडरच्या वाटेत उभा असायचा आणि त्याला तापलेली हवा मिळायची. १९७१ च्या सुमाराला कूलर बाहेरच्या वेगळ्या घरट्यात नेला तो याच त्रासामुळे. कारखान्याने जे निस्तरलं होतं, ते एका फडक्याने परत आणून ठेवलं.

त्यामुळे पहिला नियम इथेच सांगून टाकतो: श्राउडच्या तोंडात काहीही कोंबायचं नाही. फडका नाही, स्पंज नाही, लाकडी गुल्ली नाही. आत दाब आहे म्हणून वस्तू बाहेरच उडेल असं वाटतं, पण थरथरीने सरकत सरकत ती आत जाऊ शकते, आणि आत गेली की वाट फिन्सवरच संपते.

दोरा कुठे वळतो

फिन्स साफ करून श्राउड परत बसवलं आणि भोकं मुद्दाम उघडीच ठेवली. एका वेळी एकच बदल केला तर कशाने काय झालं ते कळतं. सगळं एकदम बंद करून "बरं झालं" म्हणण्यात मला गोडी नाही.

तपासायची युक्ती स्वस्त आहे. हातभर लांब, ताठ तार घ्यायची, टोकाला वीतभर लोकरीचा दोरा बांधायचा. इंजिन सुरू करून दोरा प्रत्येक भोकाजवळ न्यायचा. तो कुठे झुकतो ते बघायचं. बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको, आणि तार बेल्टपासून लांब. धुराने हवेची दिशा जास्त छान दिसते हे खरं, पण कार्ब्युरेटरच्या शेजारी पेटती वस्तू नेणं हा वेडेपणा आहे.

श्राउडच्या तोंडांशी दोरा सरळ बाहेर ताठला. थोडा आरपीएम वाढवला तर फडफडायला लागला. मागच्या पत्र्यातल्या भोकांशी नेला, तर दोरा हलकेच खालून वर झुकत होता. म्हणजे खालची हवा वर येत होती, पण जोर फारसा नव्हता.

श्राउडचं तोंड मोजलं: व्यास ६० मिमीच्या आसपास. म्हणजे एकाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर, दोन्हींचं मिळून ५६. साडेसात सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापून टाकला तर जेवढं भोक पडेल तेवढं. फिन्समधून जाताना हवेला अरुंद फटींतून घासत जावं लागतं, या तोंडातून तिला काहीच अडवत नाही. नळीला मध्येच भोक असलं की टोकाला धार उरत नाही, तसं इथे होतं. हवा तर वाया जातेच, शिवाय श्राउडमधला दाब पडतो, आणि फिन्समधून हवा ढकलायला तोच दाब लागतो.

मूळ गाडीतही ही हवा हीटरकडे जायचीच की, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण तेव्हा तिच्या वाटेत होज, एक्सचेंजर आणि वळणं होती. त्या अडथळ्यांसकट कारखान्याने हिशेब मांडला होता. नुसतं उघडं तोंड त्या हिशेबात कुठेच बसत नाही. म्हणूनच ज्यांच्या गाडीत हीट एक्सचेंजर अजून जागेवर आहेत, त्यांनी टोप्या लावायच्या भानगडीत पडू नये. होज फाटले असतील तर नवे होज घालावेत.

पहिला टप्पा: वरच्या टोप्या

टोपी तोंडाच्या बाहेरून बसणारी घ्यावी आणि तिच्यावर क्लॅम्प आवळावा. इथे पत्र्याची टोपी वापरली. रबराचीही चालली असती, कारण श्राउडमधली हवा अजून तापलेली नसते, या जागी उष्णता बेताचीच असते. काही जण तोंड कापून वर पत्रा वेल्ड करतात. जुन्या गाडीचं मूळ श्राउड असं कायमचं बिघडवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उद्या कोणाला हीटर परत बसवावासा वाटला तर क्लॅम्प सोडला की काम झालं पाहिजे. बिनतोंडाची नवी श्राउडंही मिळतात, पण स्वस्तातल्या कित्येकांच्या आत हवेला चार सिलिंडरमध्ये वाटून देणाऱ्या पट्ट्याच नसतात. दोन टोप्या वाचवण्यासाठी त्या पट्ट्या गमावणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

टोपी बसवण्याआधी तोंडाची कड बोटाने चाचपून बघितली. डावी कड एका ठिकाणी चेपली होती. आतून लाकडी ठोकळा धरून बाहेरून हलक्या हाताने ठोकून गोल केली, गंज कानसला, रंगाचा हात दिला. कड गोल नसेल तर क्लॅम्प कितीही आवळा, फट राहतेच.

मग गाडी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने चालवायला सांगितली. ऑइलचं तापमान डिपस्टिकच्या जागी बसणाऱ्या थर्मामीटरने मोजायचं ठरलं. इथे एक गोष्ट लोक विसरतात. आज बाहेर गार, उद्या बाहेर ऊन, आणि दोन दिवसांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढतात. एअरकूल्ड इंजिनाला बाहेरच्या हवेच्या वरच गार होता येतं, म्हणून ऑइलच्या तापमानातून बाहेरचं तापमान वजा करायचं आणि तो फरक लिहून ठेवायचा. तुलना त्या फरकांची करायची.

फरक कमी झाला, पण मालकांच्या अपेक्षेइतका नाही. दिवा अजूनही लुकलुकत होता. "म्हणजे भोकांचं कारण नव्हतंच," ते म्हणाले. नेमकं इथेच बरेच जण थांबतात आणि मोठा ऑइल कूलर विकत आणतात.

मी पुन्हा दोरा काढला. वरच्या टोप्यांशी तो शांत लोंबत होता, म्हणजे तिथे गळती नाही. मागच्या पत्र्यातल्या भोकांशी नेला, आणि तो आधीपेक्षा कितीतरी जोरात वर ओढला गेला.

हे उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. श्राउडची तोंडं उघडी होती तेव्हा त्यातून निघालेली गार हवा इंजिनच्या खणातच सांडत होती, आणि पंखा तीच हवा परत ओढत होता. हवा नुसती गोल फिरायची. बाहेरून नवी हवा तेवढीच यावी लागायची जेवढी फिन्समधून खाली जात होती. टोप्या लावल्यावर फिन्समधून जास्त हवा जायला लागली, ती भरून काढायला खणात बाहेरून जास्त हवा हवी झाली, खणातला दाब आणखी थोडा उतरला. आणि खालची भोकं उघडीच असल्याने त्या वाढीव हवेतला काही हिस्सा मागच्या जाळीतून येण्याऐवजी एक्झॉस्टच्या शेजारून, तापलेला, वर आला. पंखा आता जास्त हवा देत होता, पण ती आधीपेक्षा गरम होती. एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने गेलं.

म्हणून वरची तोंडं बंद करायची तर खालची त्याच बैठकीत बंद करावीत. फक्त वरची बंद करणं म्हणजे खालच्या भोकांना बळ देणं.

दुसरा टप्पा: मागचा पत्रा

मागचा पत्रा बिनभोकाचा तयार मिळतो. या गाडीचा मूळ पत्रा शाबूत होता, त्यामुळे तो बदलण्यापेक्षा चकत्या लावणं मला बरं वाटलं. १ मिमी जाडीच्या पोलादी पत्र्यातून भोकापेक्षा सगळ्या बाजूंनी १२ मिमी मोठ्या चकत्या कातरल्या, कडा कानसून बोथट केल्या. रबरी बूच इथे चालत नाही. खाली एक्झॉस्ट आहे, ते काही महिन्यांत कडक होऊन तडकतं आणि गळून पडतं. चकती पत्र्याच्या वरच्या अंगाला ठेवली, मध्ये उच्च तापमानाला टिकणाऱ्या सिलिकॉनचा पातळ थर दिला, चार लहान स्क्रू-नट लावले. पॉप रिव्हेटने काम लवकर झालं असतं, पण परत खोलायचं तर ड्रिल करावं लागतं. सिलिकॉन पूर्ण वाळेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, नाहीतर थरथरीने थर सरकतो.

जुनं गॅस्केट किंवा करड्या रंगाचं जुनं पॅकिंग चिकटलेलं दिसलं तर ते कोरडं खरवडू नये. त्या काळच्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओलं करून, मास्क लावून काढावं.

भोकांच्या शेजारीच आणखी एक उघडी जागा सापडली. इनटेक मॅनिफोल्डला ऊब देणारा बारीक पाइप मागच्या पत्र्यातून खाली एक्झॉस्टकडे जातो. त्याच्याभोवती दोन तुकड्यांचं छोटं झाकण असतं, ते नव्हतं. ते बसवलं. पाइप मात्र तसाच ठेवायचा. तो तोडून बंद केला की थंड दमट हवेत कार्ब्युरेटरखाली बर्फ धरतो आणि गाडी गुदमरते. एअर क्लीनरच्या गरम हवेचं भोकही त्याच जातीचं. गाडी कडाक्याच्या थंडीत चालत असेल तर होज जोडून चालू ठेवावा, नसेल तर भोकावर चकती मारावी. या गाडीचा एअर क्लीनर बाजारातला होता, होज जोडायला जागाच नव्हती, म्हणून चकती लावली.

जे-पाइप बसवल्याने बाजूच्या पत्र्यांतही एके ठिकाणी बोटभर फट राहिली होती. तिथे कातरलेली पट्टी वाकवून बसवली. खणाच्या कडेची रबरी पट्टी दोन ठिकाणी खाचेतून निघाली होती, ती परत खाचेत दाबली.

दोऱ्याला आता कुठेच जोर मिळेना, फक्त मागच्या जाळीपाशी तो आत ओढला जात होता. हवा जिथून यायला हवी तिथून येऊ लागली होती. त्याच रस्त्यावर पुन्हा गाडी चालवली, आणि या वेळी तापमानातला फरक पहिल्या टप्प्यापेक्षा ठळकपणे उतरला. गरम इंजिन सुरू करताना सेल्फ मारत बसणं थांबलं.

जे बंद करायचं नाही

उत्साहात मालकांनी श्राउडच्या पुढच्या अंगाला, केबिनच्या भिंतीकडे असलेलं लांबट तोंड दाखवलं. "हेही रिकामंच दिसतंय, बंद करू का?" नाही. तिथून ऑइल कूलरमधून तापलेली हवा बाहेर पडते. एका पत्र्याच्या वाटेने ती खाली जायला हवी, आणि ती वाट गाडीत आहे की नाही एवढंच बघायचं. वाट गायब असेल तर कूलरची गरम हवा खणात सांडते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. ही वाट इथे शाबूत होती. पंख्यामागच्या गोल पत्र्यात एक चीर असते, तीही बुजवायची नाही. जनरेटरला गार हवा तिच्यामुळे मिळते, आणि पत्रा बसवताना चीर खाली असावी लागते. श्राउडमधल्या झडपा आणि खालचा थर्मोस्टॅट काढून टाकायची चाल आहे, तीही मला मान्य नाही. इथे झडपा होत्या, थर्मोस्टॅट नव्हता. त्यामुळे इंजिन उशिरा तापतं एवढंच. तो नंतर घालायचा ठरलं.

धुराचा वास

शेवटचं तोंड सगळ्यात कमी दिसतं आणि सगळ्यात घातक आहे. हीट एक्सचेंजरमधून केबिनकडे जाणारे दोन पाइप गिअरबॉक्सच्या बाजूंना उघडे लोंबत होते. ते दाराखालच्या पोकळ पट्ट्यांतून पायांजवळच्या आणि काचेखालच्या जाळ्यांपर्यंत जातात. आता त्यांचं उघडं टोक एक्झॉस्टच्या जवळ होतं, आणि हेडरच्या एका फ्लँजवर, म्हणजे पाइपाच्या जोडावर, काजळीची काळी रेघ दिसत होती, म्हणजे गॅस्केट गळत होतं. काचा वर करून गाडी पळवली की केबिनमध्ये दाब कमी होतो आणि त्या पाइपांतून खालची हवा आत ओढली जाते. वास येतो तो इतर वायूंचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून वास कमी झाला म्हणजे धोका टळला असं समजायचं नाही.

आधी फ्लँजचं गॅस्केट बदललं. मग दोन्ही पाइपांना बाहेरून पत्र्याच्या टोप्या आणि क्लॅम्प लावले. दाराखालच्या पोकळ पट्ट्या आतून गंजतात, म्हणून केबिनकडची झाकणं मुद्दाम बंद केली नाहीत. आत दमट हवा कोंडून ठेवण्यापेक्षा ती केबिनच्या बाजूने खेळती राहिलेली बरी. हीटरच्या खटक्याच्या दोन केबली खाली मोकळ्या लोंबत होत्या. त्या गुंडाळून ड्राइव्ह शाफ्टपासून लांब, बॉडीला बांधल्या. मालकांना बॅटरीवर चालणारं कार्बन मोनॉक्साइडचं छोटं अलार्म यंत्र काही दिवस केबिनमध्ये ठेवायला सांगितलं. एअरकूल्ड गाडीत हीटर असला तरी ते असावं, कारण एक्सचेंजरला आतून भेग पडली तर एक्झॉस्ट थेट त्याच वाटेने आत येतो.

हीटरबरोबर पुढच्या काचेवरची गरम हवाही गेली, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. पावसात काच धुरकट होणार. कापड हाताशी ठेवायचं आणि काच जराशी खाली करून चालवायची, किंवा डॅशखाली १२ व्होल्टचा छोटा पंखा काचेकडे तोंड करून लावायचा. त्यांनी पंखा लावायचं ठरवलं.

लाल दिवा अजून पूर्ण थांबलेला नाही. लांबच्या पल्ल्यानंतर, अगदी खालच्या आयडलला, कधीतरी चमकतो. आता ऑइल पूर्वीइतकं तापत नाही, तेव्हा कारण दाबाच्या स्विचमध्ये असेल किंवा बेअरिंगच्या झिजेत. स्विच काढून त्या जागी काट्याचं प्रेशर गेज लावायचं, गरम इंजिनवर आयडलचा आणि २५०० आरपीएमचा दाब वाचायचा, आणि त्यावरून इंजिन खोलायचं की नुसता स्विच बदलायचा ते ठरवायचं. गेज मागवलं आहे.